न मोजलेला महिना

साळूआत्याची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भीमेकाठच्या त्या गावात उपकेंद्राची नर्स म्हणून मी नवीनच आले होते. एका सकाळी नववा महिना लागलेली एक पोर नवऱ्याच्या गाडीवरून आली. तोंड उतरलेलं, उलट्या, जुलाब, धड उभं राहवेना. काय खाल्लंस म्हणून विचारलं तर बोलेना. मी आवाज चढवला तेव्हा म्हणाली, "साळूआत्यानं दुधातनं एरंडेल दिलं. वाट मोकळी व्हावी म्हणून."

माझा राग नाकावरच असतो. गावात मागून मला 'तिखट सिस्टर' म्हणायचे, ते मला ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. पोरीला सलाईन लावलं, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकले, ती जरा सावरली, तशी मी पदर खोचून थेट धनगरवस्तीवर गेले. एक बुटकीशी म्हातारी अंगणात शेळीला पाला टाकत होती. हीच असणार, असं धरून मी सुरू झाले. पोर सुकून गेली असती, बाळाचं काही झालं असतं, तुम्हाला कुणी अधिकार दिला, पोलिसात देईन, असं तोंडाला येईल ते बोलले. वस्तीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हातारी पाला हातात धरून शांतपणे ऐकत होती. मी दम घ्यायला थांबले तशी म्हणाली, "झालं बोलून? बसा आता. उन्हाचं आलाय, च्या टाकते."

"मला चहा नकोय."

"मंग पाणी घ्या. पर बसा. हुबं राहून भांडलं की भांडण घरातच ऱ्हातं."

बसले. चहाही घेतला. त्या चहावर आमचा तह झाला. गरोदर बाईच्या पोटात काहीही जाणार असेल तर आधी मला विचारायचं. एरंडेल नाही, काढा नाही, कसली मुळी उगाळून चाटवणं नाही.

"तूपभात तरी खाऊ द्याल का, सरकार?"

"तूपभात द्या."

"आन् कंबरंला तेल?"

"चोळा खुशाल."

"मंग एवढं वराडत आलाव कशाला? सांगून धाडलं असतं तरी चाललं असतं," असं म्हणून ती हसली. मिश्रीनं दात काळे झालेले. त्या दिवसापासून तिनं एरंडेलाला हात लावला नाही. निदान माझ्या कानावर तरी आलं नाही, आणि त्या गावात कानावर न येणारं असं काही नव्हतं.

आत्याचं सगळं आयुष्य शेवटच्या महिन्याभोवती फिरत होतं. दिवस गेलेल्या बाईकडं ती आधी बघायचीही नाही. सातव्यानंतर मात्र तिची नजर लागायची. माझ्याशी बोलत असताना समोरून कुणी पोटुशी गेली की वाक्य अर्धवट टाकून चाल बघत राहायची. "खाली उतरलंय," नाहीतर "अजून बरगडीला धरून बसलंय," एवढंच बोलायची आणि मग अर्धं राहिलेलं वाक्य पुढं चालू. मुलगा की मुलगी हेही सांगायची आणि छातीठोकपणे चुकायची. चुकली की म्हणायची, "मला तर वाटलंच हुतं."

नववा लागला की त्या घरच्यांनी घाण्याचं तिळाचं तेल आणून द्यायचं. त्यात लसूण, ओवा, बाळंतशोपा आणि नदीकडचा निर्गुडीचा पाला घालून आत्या ते चुलीवर कढवायची. वास सुटला की वस्तीला कळायचं, कुणाचा तरी नववा लागला. मग रोज दुपारी जेवणं उरकल्यावर त्या पोरीला पाटावर बसवून ती कंबर, पाठ, मांड्या चोळायची. चोळता चोळता पोरीला बोलतं करायची. सासू काय म्हणाली, नवरा काय म्हणाला, जावेनं कुठला डबा लपवला, सगळं काढून घ्यायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, तेल लावताय की चौकशी?" तर म्हणाली, "अर्धी कळ सासूची असती, सिष्टर. ती आधी भाईर काढावी, म्हंजी खरीला जागा व्हती."

त्या तेलानं बाळंतपण सोपं होतं का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. माझ्या पुस्तकात तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. पोरींना त्या दुपारी गाढ झोप लागायची, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शेवटच्या महिन्यात झोप मिळणं म्हणजे काय, ते ज्या बाईनं सोसलंय तिलाच विचारा.

आणि सगळ्या वस्तीच्या लेकीसुनांची कंबर चोळणाऱ्या या बाईची स्वतःची एकुलती एक लेक दौंडला होती. कमल तिचं नाव. एसटीनं गेलं तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढंच अंतर. पण आत्याला तिच्या दारात जायची सोय नव्हती, आणि कमल वर्षानुवर्षं माहेरी फिरकली नव्हती. नवरा कधीच वारलेला, तुकडाभर जमीन पुतण्या कसायचा, घरात ही एकटी आणि दोन शेळ्या. आत्यानं जगाकडं कधी काही मागितलं नाही. कमलनं एकदा 'आई, ये' म्हणावं, यापलीकडं तिला काही नको होतं. हे ती बोलायची नाही, पण दौंडकडून येणारी गाडी गावाच्या फाट्यावर थांबली की उतरणाऱ्यांकडं बघत राहायची. सगळे उतरून गाडी हलली की मगच मागं फिरायची.

कारण मला बरंच उशिरा कळलं. एक गोष्ट मात्र आधीपासून खटकत होती. ही बाई माझ्याशी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची. लोहाच्या गोळ्यांवर, पपईवर, खाटेवर झोपायचं की खाली यावर. पण तारखेवर कधीच नाही. नववा कधी लागतोय ते विचारायला ती उपकेंद्रावर यायची. मी सांगेन ती तारीख तीनतीनदा वदवून घ्यायची आणि मगच तेल कढवायला घ्यायची. मला वाटायचं, चला, एका बाबतीत तरी म्हातारीनं हात टेकले.

मग धोंड्याचा महिना आला. आमच्याकडं अधिक महिन्यात लेकीजावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, अनारसे देतात, जावयाचे पाय धुतात. वस्तीवर रोज कुणाचा ना कुणाचा जावई गाडी उडवत येत होता. घराघरातून तळणीचा वास. आत्याचं दार मात्र पुढून लावलेलं. मी मागून गेले तर ती गोठ्यात शेळ्यांजवळ बसलेली. मी आपलं सहज विचारलं, "तुमचा जावई नाही आला?" विचारलं आणि जीभ चावली. पण ती चिडली नाही.

"म्या धोंडा धरला न्हाई, सिष्टर," ती म्हणाली. मला काहीच कळेना. मग तिनं सांगितलं.

तिचं सासर मेंढरामागं फिरणारं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. वाटेत बाया बाळंत व्हायच्या आणि आत्याची सासू त्यांना मोकळं करायची. तिच्याकडूनच ही शिकली. महिने चंद्रावर मोजायचे, सणावर मोजायचे. आणि सासूचा एक नेम होता, धोंड्याचा महिना मोजायचा नाही. तो देवाचा, मोकळा महिना. त्यात लग्न नाही, वास्तू नाही, तसा तो पोटातही धरायचा नाही. आत्यानं जन्मभर तसंच मोजलं. धोंडा तीन वर्षांतून एकदा येणार, एखाद्या बाईचं चुकलं तरी पोर आपल्या वेळेला यायचंच, कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

कमल पहिल्या खेपेला रीतीप्रमाणं माहेरी आली, तेव्हा तिच्या दिवसांत धोंडा येऊन गेला होता. आत्याच्या हिशेबानं आठवा संपत होता. तेल कढवायचं होतं, तूपभात सुरू व्हायचा होता. आणि एका सकाळी कमलचं पोट दुखायला लागलं.

"पोरगी म्हणाली, आई, डाक्टरनी हाच महिना सांगितलाय. म्या म्हणलं, डाक्टरला धोंडा कळतो व्हय? खोटी कळ हाय, जाईल. ओव्याचं पाणी दिलं. कंबर शेकली. दोन बाया म्हणाल्या गाडी बोलवा, त्यास्नी बी गप केलं. मी हाय की, म्हणलं. दिस कलला तवा पोरगी म्हणाली, आई, हलंना झालंय. मंग गाडी बोलिवली." ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "मुलगा हुता. चांगला भरल्या अंगाचा. पुऱ्या दिसाचा."

मी तिच्याशेजारी पेंढ्यावर टेकले.

"जाताना एकच बोलली. म्हणाली, सुईण म्हणून ऐकलं न्हाईस ते ऱ्हाऊ दे, आई म्हणून तरी ऐकायचं हुतंस." मग आत्यानं नाक पुसलं आणि म्हणाली, "खोटं काय बोलली?"

खोटं काहीच नव्हतं. उगाच काहीतरी बोलायचा माझा स्वभाव नाही. मी तिच्याशेजारी पेंढ्यावर बसून राहिले.

कमलच्या त्या खेपेनंतर आत्या बाळंतपणं घरी करायचीच नाही. पोरीला कळा लागल्या की तीच आधी ओरडायची, गाडी बोलवा. तालुक्याच्या दवाखान्यात ती हटकून सोबत यायची. तिथं तिला आत कोण घेणार? ती बाहेर खिडकीखाली बसून राहायची. एकदा मी पेशंटसोबत आत होते. बाळ रडलं आणि त्याच क्षणी खिडकीतून हिचा आवाज, "मुळी काढा! आधी मुळी काढा!" आयाबाई घाबरली. डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी पोरीची वेणी चाचपली तर आत आघाड्याची मुळी बांधलेली. लवकर सुटका व्हावी म्हणून बांधतात, आणि मूल आलं की ताबडतोब काढतात. राहिली तर मागून आतडीही ओढली जातात म्हणे. मी ती मुळी उपटून खिडकीबाहेर भिरकावली, तेव्हा कुठं आवाज थांबला. परतताना मी तिला झाप झाप झापलं. ती म्हणाली, "पोटात न्हाई घातली. केसात घातली. आपल्या तहात केस नव्हतं."

पुढं पुढं गावच बदललं. शिक्रापूरकडं कारखान्यांत नोकऱ्या लागल्या, पोरं बायकांना घेऊन तिकडं खोल्या करून राहायला लागली. बाळंतपणाला माहेरी आलेली पोरसुद्धा मोबाईलवर बघून व्यायाम करायची आणि तेलाला नाक मुरडायची. आत्याला कुणी बोलावेना. ती कुणावर रागावली नाही. शिवेवरच्या गुऱ्हाळावर उत्तरेकडची एक जोडी कामाला होती. त्यातली बाई गुड्डी, दिवस भरत आलेले, भाषा कळेना, जवळ आई ना सासू. आत्या न बोलावता तिच्याकडं जायला लागली. "दुखता क्या? खाली उतऱ्या क्या? तूप खाने का, लाजने का न्हाई," असली तिची हिंदी. गुड्डी हसायची आणि कंबर पुढं करायची. तिला मुलगी झाली. हंगाम संपला तशी ती जोडी गावाकडं निघून गेली. आत्या त्यांना फाट्यापर्यंत पोचवून आली आणि मग कितीतरी दिवस उपकेंद्राच्या पायरीवर येऊन नुसतीच बसायची. मी विचारायची, "काय काम होतं?" ती म्हणायची, "काय न्हाई. तुमचं चालू द्या." मी माझं चालू द्यायची. दोघींनाही घरी कुणी वाट बघणारं नव्हतं.

अशातच पुतण्याच्या बायकोनं बातमी आणली, की कमलला इतक्या वर्षांनी पुन्हा दिवस गेलेत आणि सातवा सरलाय. त्यानंतर आत्या रोज काहीतरी निमित्त काढून यायची आणि दौंडचं नाव न घेता दौंडचंच विचारायची. तिकडचे दवाखाने कसे असतात, तिकडं तारखा कोण मोजतं. शेवटी एक दिवस बरणीभर तेल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "तुमी सरकारी हाय. तुमच्या हातनं घेईल."

मी आधी नाहीच म्हटलं. आईलेकीच्या मध्ये पडू नये, दोन्हीकडून मार बसतो. पण ती जाईना. बरणीही उचलेना. मी म्हटलं, "पोटात घ्यायचं काही नाही ना यात?" तर इतकी दुखावली की मलाच लाज वाटली. सुट्टीच्या दिवशी गेले.

कमलचं घर रेल्वेच्या रुळांकडं. नवरा यार्डात कंत्राटावर. दार तिनंच उघडलं. आईचंच बुटकं अंग, आईचंच कपाळ. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. तिनं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. बरणीकडं बघितलं आणि टोपण काढून वास घेतला. डोळे मिटून घेतला. मला वाटलं, झालं काम. मग तिनं टोपण घट्ट लावलं.

"हे परत न्या, सिस्टर."

"चोळायचं तेल आहे फक्त."

"ठाऊक हाय मला कशाचं हाय." ती पोटावर हात ठेवून बसली होती. "तिच्या मनात वाईट न्हाई. तवाबी नव्हतं. पर ह्या खेपेला मला कुणाच्याच हाताचं काय नको."

बाहेरून मालगाडी चालली होती, तिचे डबे संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो. मग कमल म्हणाली, "पोर नीट घरी आलं, तर तिला यायचं असंल तर येऊ दे. दवाखान्यात न्हाई, घरी. रिकाम्या हातानं. आन् काय बी सांगायचं न्हाई. खायाचं न्हाई, न्हायाचं न्हाई, मोजायचं न्हाई. एक शब्द न्हाई. जमत असंल तर."

हे आत्याला सांगायला मला जड गेलं, पण मी शब्दाला शब्द सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "येऊ दे म्हणाली?" एवढंच तिनं ऐकलं होतं. परत आलेलं तेल तिनं शेजारच्या म्हाताऱ्याला गुडघ्याला लावायला देऊन टाकलं.

ऐन थंडीत मला कमलच्या नवऱ्याचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी वस्तीवर गेले आणि सांगितलं. "कमळी कशी हाय?" हे आत्यानं आधी विचारलं. बाळाचं मागून.

कमल घरी आल्यावर आम्ही निघालो. "तुमी संगं चला," आत्यानं मला गळ घातली, "माझं तोंड धरायला." चौफुल्याला गाडी बदलली. धुतलेलं लुगडं, हातात पिशवीसुद्धा नाही. नातीला बघायला हात हलवत निघालेली आजी मी दुसरी पाहिली नाही. गाडीत तिनं मला एकदाच विचारलं, "टोपडं तरी न्यायचं हुतं का?" मी म्हटलं, "नाही म्हणाली ना ती." ती म्हणाली, "व्हय, न्हाईच म्हणाली." आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

कमलनं दार उघडलं, "ये" म्हणाली आणि कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. आत्या जाऊन बसली, दोन्ही हात पदराखाली घेऊन. आत कमलच्या सासूबाई पाय लांब करून बाळाला पायावर घेऊन बसल्या होत्या. बाई प्रेमळ, पण हाताला सवय नसावी. दुकानातल्या बाटलीतलं तेल त्यांनी तसंच गारगार त्या एवढ्याशा अंगावर ओतलं. बाळ कळवळून रडायला लागलं, हातपाय आखडले. त्या म्हणाल्या, "रडू दे, रडल्यानं छाती भरती," आणि आणखी ओतलं. कमल बाजेवरून आईकडं बघत होती. बाळाकडं नाही, आईकडं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात पदराखालून आत्याचा हात आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. असं धरलं की मला बोलता येईना. बाळ रडायचं थांबेपर्यंत तिनं ते सोडलं नाही. आणि थांबायला फार वेळ लागला.

मला परतीची गाडी होती. आत्याला कमलनं संध्याकाळपर्यंत राहायला सांगितलं होतं. ती मला दारापर्यंत सोडायला आली.

"तेल गार होतं, आत्या," मी हळूच म्हटलं.

"दिसत हुतं मला."

"मग एवढ्या लांब येऊन नुसतं बसायचं?"

तिनं मागं वळून बघितलं. आत सासूबाई बाळाला दुपट्यात गुंडाळत होत्या, तेही सैलच.

"बघू देत्यात की, सिष्टर," ती म्हणाली, आणि आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसली.